सिस्टरच्या वहीपासून पीएच.डी.पर्यंत



गावात कुणाच्या नावापुढे 'डॉक्टर' लागलं की आपण दोनच अर्थ घेतो. एक तर ते औषध देतात, नाही तर कॉलेजात शिकवतात. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरच्या नावापुढेही 'डॉक्टर' लागू शकतं, हे पटकन ध्यानात येत नाही. पण लागू शकतं. नर्सिंगमध्ये बी.एस्सी. असते, एम.एस्सी. असते आणि त्यापुढे पीएच.डी.ही असते. सिस्टरने रुग्णाच्या सेवेविषयीचा एखादा प्रश्न घ्यायचा, काही वर्षं त्याचा अभ्यास करायचा आणि त्याचं उत्तर पुराव्यानिशी मांडायचं, याबद्दल ही पदवी मिळते.

आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींच्या मुली आणि सुना आज नर्सिंगमध्ये आहेत. कुणी ए.एन.एम., कुणी जी.एन.एम., कुणी बी.एस्सी. झालेली. त्यांच्या मोबाइलवर हल्ली 'घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी.' अशा जाहिराती येतात. मग घरात चर्चा होते आणि घरात पैसे नसले की विषय गटाच्या बैठकीत येतो. हे खरं असतं का? दूर राहून एवढी मोठी पदवी घेता येते का? याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. ही पदवी कुठून आली आणि दूर राहून शिकण्याची वाट कशी पडली, हे समजलं की उत्तर आपोआप सापडतं. म्हणून आज आम्ही तो इतिहास सांगणार आहोत.

सुरुवात एका वहीपासून करू. १८५४ साली क्रिमियाचं युद्ध चालू होतं. जखमी आणि आजारी इंग्रज सैनिकांना तुर्कस्तानात स्कुटारी इथल्या लष्करी दवाखान्यात आणलं जाई. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तिथे पोचल्या. रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी बाई हे त्यांचं चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलंय. पण त्यांच्या हातात दिव्याइतकीच वहीही असे. किती आले, कशाने आजारी पडले, कशाने गेले, याचे आकडे जमवण्याचा त्यांना ध्यास होता. मायदेशी परतल्यावर त्यांनी ते आकडे मांडले आणि एक गोष्ट उघडी पडली. लढाईतल्या जखमांपेक्षा हगवण, कॉलरा, ताप अशा रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक मेले होते. शत्रूच्या गोळीपेक्षा तुंबलेली गटारं, घाण पाणी आणि गर्दीच जास्त जीवघेणी ठरली होती. १८५८ मध्ये त्यांनी हे रंगीत आकृत्या काढून दाखवलं, कारण नुसते आकडे कुणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

यातला पुढचा भाग आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तब्येत ढासळल्यामुळे त्या बराच काळ घरातच असायच्या. पण त्यांनी प्रश्न तयार करून इथल्या छावण्यांना पाठवले. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, बराकीत किती माणसं झोपतात, आजारी किती पडतात? उत्तरं टपालाने आली. ती वाचून, तपासून त्यांनी आपली मतं लिहिली आणि १८६३ मध्ये आयोगाचा अहवाल आला. एका अर्थी हा दूर राहून केलेला परिचर्येचा अभ्यासच होता. तेव्हा इंटरनेट नव्हतं, बोटीतून जाणारं टपाल होतं.

पण एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. प्रश्न लंडनहून आले, उत्तरं लंडनला गेली, तरी त्या त्या छावणीतल्या विहिरीत डोकावून पाहणारं माणूस तिथेच असावं लागलं. आपण पुढे ऑनलाइन अभ्यासावर येऊ, तेव्हा ही विहीर पुन्हा लागणार आहे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. हळूहळू तशा शाळा जगभर निघाल्या. मुंबईत १८९१ मध्ये काशीबाई गणपत या प्रशिक्षणाला आल्या. परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून नर्सिंगच्या इतिहासात त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळी हे सोपं नव्हतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, आणि त्यात सोवळं-ओवळं, जातपात. चांगल्या घरच्या बाईने हे करायचं नाही, असंच लोक म्हणत.

याच काळात पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगची कसलीही पदवी नव्हती. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. सेवासदनाने बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. त्यांत विधवा होत्या, आधार नसलेल्या बायका होत्या. ज्या कामाला लोक नाकं मुरडत होते, त्याच कामाने त्यांना पायांवर उभं केलं.

तरीही एक अडचण उरलीच. नर्सच्या कामाला सगळे 'सेवा' म्हणत. शब्द मानाचा आहे. पण सेवा म्हटलं की कष्ट धरले जातात, अक्कल धरली जात नाही. रुग्णालयातल्या शाळेत मुलीने दिवसभर वॉर्डात राबायचं, संध्याकाळी थोडं शिकायचं आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. 'असंच का करायचं?' हे विचारायची सोय नव्हती. सांगितलं तसं करणं म्हणजे चांगली नर्स. आपल्याकडे नवीन सुनेची जी तऱ्हा असते, तीच दवाखान्यात नर्सची होती.

ही चौकट मोडायला विद्यापीठांची दारं उघडावी लागली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲडलेड नटिंग या परिचारिका प्राध्यापक झाल्या. नर्सिंगच्या प्राध्यापक होणाऱ्या जगातल्या त्या पहिल्या. १९२० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कमधल्या विद्यापीठांतून परिचारिकांना डॉक्टरेट घेण्याची सोय झाली. पण अनेक जणींना शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र अशा दुसऱ्याच विषयांत पदवी घ्यावी लागे. १९५२ मध्ये अमेरिकेत नुसत्या परिचर्या संशोधनाला वाहिलेलं नियतकालिक निघालं. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरो विद्यापीठात नर्सिंगचा स्वतंत्र विभाग झाला. नर्सला पडलेला प्रश्न हा अभ्यासाचा विषय असतो, हे मान्य व्हायला नाइटिंगेलबाईंच्या वहीपासून एवढा काळ जावा लागला.

आता तुम्ही विचाराल, नर्सला असे कुठले प्रश्न पडतात, जे डॉक्टरांना पडत नाहीत? एक उदाहरण देतो. आपल्यापैकी कितीतरी जणींनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं, आईचं केलं असेल. पडून पडून कंबरेला, टाचेला जखमा होतात. त्याला बेडसोर म्हणतात. पूर्वी इंग्लंडच्या दवाखान्यांतही नर्स पाठीला साबण, स्पिरिट, तेल, पावडर असं काय काय चोळत. वर्षानुवर्षं चोळत होत्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. डोरीन नॉर्टन नावाच्या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या रुग्णांची रीतसर पाहणी केली. १९६२ मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. त्यांना काय दिसलं? चोळण्याने फारसं काही होत नाही. ज्यांना वेळच्या वेळी कुशीवर वळवलं, दबलेल्या जागेवरचा भार काढला, त्यांना जखमा कमी झाल्या.

नॉर्टनबाई तिथेच थांबल्या नाहीत. कुणाला जखमा होण्याचा धोका जास्त आहे हे आधीच कळावं म्हणून त्यांनी एक साधी गुणपत्रिका केली. तब्येत कशी आहे, शुद्ध कशी आहे, चालणं-फिरणं किती, अंग हलवता येतं का, लघवी-संडासवर ताबा आहे का. या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा त्याहून कमी आले तर सावध व्हायचं. या गुणपत्रिकेला आजही नॉर्टन यांचं नाव आहे. हा प्रश्न रात्रभर रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईलाच पडू शकत होता. राउंडला पाच मिनिटं येणाऱ्या माणसाला तो पडला नसता. संशोधन म्हणतात ते हेच. रोजच्या कामातला प्रश्न उचलायचा, मोजायचं, तपासायचं आणि दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल असं लिहायचं.

मोजण्याचं काम आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बायकांनीही केलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांनी शिकून बाळांची वजनं केली, श्वास मोजले, जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे अशाच अभ्यासाचा आधार आहे. नोंद चोख ठेवणारी बाई देशाचं धोरण बदलायला हातभार लावू शकते, हे आपल्याच मातीत घडलेलं आहे. आता त्या नोंदींवरून पुढचा प्रश्न उभा करणारी, अभ्यासाची सगळी आखणी स्वतः करणारी माणसंही आपल्याच घरांतून यावीत, असं आम्हाला वाटतं. पीएच.डी. हवी ती त्यासाठी. पाटीवरचं नाव लांब करण्यासाठी नको.

आता आपल्या देशात हे शिक्षण कसं वाढलं ते पाहू. स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. १९४६ च्या तिच्या अहवालात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स असा हिशेब होता. त्याच १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरमध्ये बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं, म्हणजे नर्सला पहिल्यांदा विद्यापीठाची पदवी मिळू लागली. १९५९ मध्ये दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण आलं. मुंबईत महर्षी कर्व्यांनी उभ्या केलेल्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज काढलं. १९८६ मध्ये दिल्लीत एम.फिल. सुरू झालं. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यातली नर्सिंग कॉलेजं त्याच्याशी जोडली गेली.

पीएच.डी. मात्र बराच काळ मोजक्या ठिकाणीच होती. एखाद्या सिस्टरला ती करायची तर नोकरी सोडून, मुलंबाळं ठेवून मोठ्या शहरात राहायला जावं लागे. किती जणींना जमणार? मग २००५ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साथीने नर्सिंगच्या पीएच.डी.साठी एक राष्ट्रीय संघ उभा केला. नोंदणी एका विद्यापीठात, पण अभ्यासाची केंद्रं निरनिराळ्या शहरांतल्या नामांकित नर्सिंग कॉलेजांत, अशी ही रचना. पदवी बाईच्या जरा जवळ यावी म्हणून झालेला हा मोठा प्रयत्न.

इथे आपल्याला दुसरी वाट भेटते, दूर राहून शिकण्याची. ही वाट नर्सनी पाडलेली नाही. ती आधीच पडत होती. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने ठरवलं की विद्यार्थी कुठेही शिकला तरी त्याला आमच्या परीक्षेला बसता येईल. तेव्हा हे पुरुषांनाच होतं. पदव्यांचं दार बायकांना १८७८ मध्ये उघडलं. १९४६ पासून दक्षिण आफ्रिकेचं 'युनिसा' विद्यापीठ टपालाने शिकवू लागलं. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना याच विद्यापीठातून कायद्याचा अभ्यास करत होते. पुढे आफ्रिकेतल्या अनेक परिचारिकांनी नोकरी सांभाळून याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि त्यांचे धडे बीबीसीच्या रेडिओ-टीव्हीवरून येत. आपण आज रेडिओवर बोलतोय, ऐकतोय, त्याच रेडिओवरून लोक पदवीधर झाले!

भारतात १९८२ मध्ये हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं. १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. लग्नानंतर, चूल सांभाळून, रविवारच्या वर्गाला जाऊन बी.ए. झालेल्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. तेव्हा दूर राहून केलेलं शिक्षण हलकं असतं, असं आम्ही कधीच म्हणणार नाही.

नर्सिंगमध्ये ही वाट १९९४ मध्ये आली. जी.एन.एम. झालेल्या, नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने बी.एस्सी. सुरू केली. पुस्तकं घरी येत, पण ठरलेल्या केंद्रावर जाऊन वर्ग आणि रुग्णालयातलं प्रात्यक्षिक करावंच लागे. विहीर आठवते ना? कागद घरी येऊ शकतो. रुग्ण टपालाने येत नाही.

मग इंटरनेट आलं. १९९७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाने नर्सिंगची पीएच.डी. ऑनलाइन सुरू केली. पुढे तिथल्या इतरही विद्यापीठांनी तो मार्ग धरला. लांबच्या गावातली, नोकरी करणारी नर्स रात्री संगणकासमोर बसून वर्गाला हजर राहू लागली. मार्गदर्शकाशी बोलणं, ग्रंथालयातले लेख वाचणं, आकड्यांचा हिशेब हे सगळं तारेवरून होऊ लागलं. पण अभ्यासाची वर्षं कमी झाली नाहीत. रुग्णांना भेटून माहिती गोळा करणं, त्यांची लेखी संमती घेणं, नीतिसमितीची परवानगी आणणं, प्रबंध स्वतः लिहिणं आणि परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा देणं, यातलं काहीही गळलं नाही. ऑनलाइनने घर ते विद्यापीठ हे अंतर मिटवलं. प्रश्न ते उत्तर हे अंतर चालूनच जावं लागतं.

आता आपल्या देशाचा नियम नीट ऐका, कारण पैसा इथेच बुडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे भारतात दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. नर्सिंगची पदवीही आता तशा पद्धतीने सुरू करता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनुदान आयोग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी मिळून जाहीर सूचना काढली. खाजगी शैक्षणिक कंपन्या परदेशी संस्थांचं नाव लावून ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात, ती इथे मान्य नाही, तिला भुलू नका, असं त्यात सांगितलं होतं.

मग नोकरी करणाऱ्या सिस्टरने काय करायचं? तिच्यासाठी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट खुली आहे. २०२२ च्या नियमांत ती स्पष्ट दिलेली आहे. जिथे नोकरी आहे तिथलं ना हरकत पत्र लागतं. अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास वर्गांसाठी मोकळं सोडू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. एम.एस्सी.ला साधारण ५५ टक्के गुण हवेत, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, दिव्यांग, आर्थिक दुर्बल यांना ५ टक्क्यांची सूट आहे. किमान तीन वर्षं लागतात, कमाल मुदत सहा वर्षं. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात आणि बायकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. नियम करणाऱ्यांनीही मान्य केलंय की बाईच्या अभ्यासाला मध्ये पाळणा येतो, आजारपण येतं. प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचेही नियम असतात, ते वेगळे पाहावेत.

आमच्याकडच्या एका गटापुढे असाच अर्ज आला होता. एका ताईंची सून एम.एस्सी. नर्सिंग झालेली, खाजगी दवाखान्यात नोकरीला. तिला फोन आला होता: एका वर्षात पीएच.डी., परीक्षा नाही, प्रबंधाचं आम्ही बघून घेऊ, फी हप्त्याने भरा, पण नाव आज रात्रीच नोंदवा. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत कुणाला पीएच.डी.ची फारशी माहिती नव्हती. पण चौथी शिकलेल्या आमच्या एका मावशींनी विचारलं, "प्रबंध ते लिहिणार, तर हिने शिकायचं काय?" दुसरीने विचारलं, "एवढी घाई कशाची? म्हैस घेतानाही आपण दोनदा बघून येतो." गटाने विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र मागितलं. ते आलं नाही, फोन मात्र येत राहिले. गटाने त्या फीसाठी कर्ज दिलं नाही. पण सुनेला नाउमेदही केलं नाही. प्रवेश परीक्षेची पुस्तकं, फॉर्म आणि जाण्यायेण्याच्या खर्चासाठी छोटं कर्ज मंजूर झालं. ती आता अर्धवेळ प्रवेशाची तयारी करते आहे. तिचा विषय ठरलाय: बाळंतीण दवाखान्यातून घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिला काय विचारायचं असतं आणि ते ती कुणाला विचारते.

तुमच्या गटापुढे असा अर्ज आला तर घाबरू नका आणि हरखूनही जाऊ नका. काही साधे प्रश्न विचारा. पदवी कुठलं विद्यापीठ देणार आणि ते अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, ती पाहिली का? मार्गदर्शक कोण, त्यांचं नाव विद्यापीठाच्या कागदावर आहे का? प्रवेश परीक्षा आणि मुलाखत आहे का? माहिती कुठल्या रुग्णालयात, कुठल्या गावात गोळा करणार आणि तिथली परवानगी कोण देणार? फीची पावती विद्यापीठाच्या नावाची मिळते का? तीन वर्षांहून कमी मुदत सांगत असतील, किंवा प्रबंध तयार मिळेल म्हणत असतील, तर पुढचं ऐकायचं कारण नाही. परदेशातल्या चांगल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी असेल, तरी ती इथल्या नोकरीत धरली जाईल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

आणि कर्जाच्या पलीकडे गटाला आणखी एक करता येतं. नर्सिंगमध्ये असलेल्या आपल्या मुलीला, सुनेला एक वही घ्यायला सांगा. ड्युटीवर रोज जे खटकतं, ते तिने त्यात तारीख घालून टिपावं. रुग्णाचं नाव लिहायचं नाही, फक्त काय दिसलं ते. गोळ्या का सोडून देतात, टाके उसवून बायका परत का येतात, म्हाताऱ्या माणसांना रात्री भीती का वाटते. वर्षभराने ती वही उघडली की तिचा प्रश्न तिला त्यातच सापडेल. प्रवेशाच्या मुलाखतीत 'तुम्हाला कशावर अभ्यास करायचाय?' असं विचारतात, तेव्हा ही वही तिच्या उपयोगी पडेल.

तुमच्या गावातली कुणी सिस्टर असा अभ्यास करत असेल, तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा आणि तिचं ऐका. तिला तुमच्या घरी येऊन चार गोष्टी विचारायच्या असतील, तर वेळ द्या. तिच्या विहिरीत डोकावायला ती तुमच्याच दारात येणार आहे.